परीक्षकांचं परीक्षण: फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांनी कुठल्या स्पर्धेत काय पाठवावं

कॉलेजात फोटोग्राफी शिकणारी मुलं स्पर्धेची जाहिरात एका ठरावीक क्रमाने वाचतात: आधी बक्षीस, मग शेवटची तारीख, मग शुल्क. नियमावली बहुतेक वेळा उघडली जाते ती फोटो नाकारल्याची मेल आल्यावर. या परीक्षणात आम्ही उलटीकडून सुरुवात केली आहे. बक्षीस बाजूला ठेवलं आणि प्रत्येक स्पर्धेकडे एवढंच पाहिलं, की ज्युरीच्या खोलीत निर्णय नेमका होतो कसा. कारण कुठला फोटो पाठवायचा हे त्यावर ठरतं.

उदाहरण घ्या. तीन परीक्षक आहेत, प्रत्येकाने ९ पैकी गुण द्यायचे. एका फोटोला मिळाले ९, ३, ३. बेरीज १५. दुसऱ्याला ५, ५, ६. बेरीज १६. कटऑफ १६ वर लागला तर पहिला बाहेर आणि दुसरा आत. पहिल्यावर एक परीक्षक चक्क भाळला होता, दुसऱ्यावर कोणीच नाही. आता हेच दोन फोटो अशा स्पर्धेत टाका, जिथे पहिल्या फेरीत एका परीक्षकाने ‘इन’ म्हटलं तरी पुरतं. पहिला पुढे जातो, दुसऱ्याला बहुधा तिघंही ‘आऊट’ म्हणतात. ‘तुझा सगळ्यात चांगला फोटो पाठव’ हा वर्गातला सल्ला म्हणूनच अपुरा पडतो. बेरजेच्या स्पर्धेत कोणालाच न खटकणारा फोटो टिकतो, ‘इन-आऊट’च्या स्पर्धेत एखाद्याला झपाटून टाकणारा.

सीपीओवाय: हरलात तरी फुकट जात नाही

विद्यार्थ्यांसाठीच्या स्पर्धांत आमच्या मते सगळ्यात कामाची स्पर्धा म्हणजे ‘कॉलेज फोटोग्राफर ऑफ द इयर’, सगळे तिला सीपीओवाय म्हणतात. १९४५ साली सुरू झालेली ही स्पर्धा अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाची पत्रकारिता शाळा चालवते. तिचं मोठेपण बक्षिसात नाही. तिथलं परीक्षण उघड्यावर चालतं, इंटरनेटवरून ते पाहता आणि ऐकता येतं. ‘आऊट’ का, हे परीक्षकाच्या तोंडून ऐकायला मिळणं ही चैन इतर बहुतेक स्पर्धांत नाही. तिथे नकाराची मेल येते आणि तिच्यात ‘प्रवेशिकांचा दर्जा अतिशय उच्च होता’ एवढं एकच वाक्य असतं.

हे परीक्षण दोन-तीन तास नीट ऐकलं की एक गोष्ट कळते. चित्रकथेच्या विभागात कथा पडते ती वाईट फोटोंमुळे क्वचितच. पडते ती तेच तेच पुन्हा आल्यामुळे. एक नमुना पाहू. विषय: रात्रपाळीत बस दुरुस्त करणारा मेकॅनिक. विद्यार्थ्याने १२ फोटो लावले आहेत. त्यातले चार हातांचे: पान्हा धरलेला, ग्रीसने माखलेला, फडक्याला पुसला जाणारा आणि टॉर्च धरलेला. दोन गाडीखाली झोपलेले, दोन्ही ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, दोन्ही जमिनीलगतून. एक डेपोचा वाइड, म्हणजे लांबून घेतलेलं पूर्ण दृश्य. तीन चेहरे, तिन्हींत नजर डावीकडे. एक रिकामी बस. शेवटी पाठमोरा मेकॅनिक, पहाटेच्या उजेडाकडे चालत जाणारा.

यातलं काय ठेवायचं? हातांचा एकच, ग्रीसचा. चेहरा नसूनही त्या कातडीवरून माणसाचं वय कळतं, बाकीचे तीन फक्त ‘हात’ आहेत. गाडीखालचा एक. चेहऱ्यांतला एक, तोही तो कोणाशी तरी बोलतो आहे असा असेल तर बरा. वाइड पहिल्या नव्हे, दुसऱ्या क्रमांकावर, कारण पहिल्या फोटोने प्रश्न उभा करायचा आणि दुसऱ्याने जागा सांगायची. पाठमोरा पूर्ण वगळा. पहाटेकडे चालत जाणारा माणूस जगातल्या प्रत्येक ज्युरीने इतक्या वेळा पाहिलाय, की तो दिसला की परीक्षक पुढच्या फोटोची वाट बघायला लागतात. रिकामी बस धरून उरले पाच. आता खरी अडचण दिसते: या माणसाचं घर, झोप, सहकारी, पगाराचा दिवस, यातलं काहीच चित्रात नाही. म्हणजे अजून किमान दोन रात्री आणि एक दिवस शूट करायला हवं. ते करून आठ फोटो झाले तर कथा होते. न करता बाराच पाठवले तर तो बारा वेळा काढलेला एक फोटो.

कॅप्शनकडे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात आणि वृत्तछायाचित्रणाच्या स्पर्धेत ती थेट वाचली जाते. पहिल्या वाक्यात कोण, काय करतो आहे, कुठे, कधी. दुसऱ्या वाक्यात फोटोत न दिसणारी माहिती. ‘कष्टांच्या अंधारात आशेचा किरण शोधणारा कामगार’ ही कॅप्शन नव्हे. ‘डेपोत मध्यरात्रीनंतर गिअरबॉक्स उतरवताना मुख्य मेकॅनिक, सकाळी साडेपाचच्या फेरीआधी अशा तीन गाड्या तयार व्हाव्या लागतात’ ही कॅप्शन. नाव, वय, ठिकाण जागेवरच वहीत टिपून घ्या. नंतर आठवून लिहिलेली नावं चुकतात, आणि एक चूक सापडली की परीक्षकांना सगळ्याच कॅप्शनची शंका यायला लागते.

उणी बाजू: स्पर्धेचा कणा वृत्तछायाचित्रणाचा आहे. स्टिल लाइफ, फॅशन, रचून केलेली संकल्पनात्मक कामं यांना तिथे फारसा वाव नाही. कॅप्शन इंग्रजीत लिहाव्या लागतात, त्यासाठी भाषेवर पकड असलेल्या कोणाकडून तरी एकदा तपासून घ्या.

सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स: विद्यार्थी विभाग

प्रवेश विनामूल्य, विषय दिलेला, आणि ५ ते १० फोटोंची मालिका मागतात. विजेत्याच्या शिक्षणसंस्थेला ३०,००० युरोंची सोनीची सामग्री मिळते. म्हणजे जिंकतो विद्यार्थी आणि कॅमेरे येतात कॉलेजच्या कपाटात. यात एक सोय आहे: विभागप्रमुखांना या स्पर्धेत रस घ्यायला लावणं इतर कुठल्याही स्पर्धेपेक्षा सोपं जातं.

इथे बेरजेचं गणित गौण आहे, मालिकेचा एकजिनसीपणा मोठा. दहा फोटोंची मुभा आहे म्हणून दहा पाठवू नका. सहा घट्ट फोटोंच्या मालिकेत सातवा ढिला घातला, तर परीक्षकाला लक्षात राहतो तो सातवा. एक कसोटी घरी करून बघा. सगळे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे करून एका पानावर मांडा. एखादा बाकीच्यांपासून वेगळा उठून दिसला आणि त्याचं कारण फक्त रंग असेल (बाकी सगळे निळसर, हा एकटा पिवळा), तर व्हाइट बॅलन्स जुळवा. कारण चौकटीतलं अंतर असेल (बाकी सगळे जवळून, हा लांबून), तर हा फोटो मालिकेतला श्वास आहे की भोक, हे ठरवा. श्वास मधे लागतो, भोक कुठेच चालत नाही.

याच स्पर्धेच्या खुल्या गटात २०२३ साली क्रिएटिव्ह विभागात निवडलेलं एक चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं होतं. ते पाठवणाऱ्या जर्मन कलाकाराने स्वतःच तसं जाहीर करून पुरस्कार नाकारला. असे प्रकार घडू लागल्यापासून नियमावल्यांत या विषयावर वेगळं कलम दिसतं. विद्यार्थ्यांची फसगत मुद्दाम केलेल्या लबाडीत होत नाही, ती होते रोजच्या साधनांत. जनरेटिव्ह फिलने (एआयने नवा भाग भरून) कडा वाढवणं, ‘रिमूव्ह’ टूलने विजेची तार पुसणं, आकाश बदलणं. हे सगळं आता एका क्लिकवर होतं आणि करणाऱ्याला ते ‘एडिटिंग’च वाटतं. डिनॉइज (फोटोतले दाणे कमी करणं) आणि साधं क्रॉप सहसा चालतं. पिक्सेल नव्याने निर्माण करणारं काहीही कलम वाचल्याशिवाय वापरू नका.

रॉ फाइल जपा

हे सगळ्याच गंभीर स्पर्धांना लागू आहे. वर्ल्ड प्रेस फोटो ही वृत्तछायाचित्रांची स्पर्धा विद्यार्थ्यांची नाही, पण तिथले दाखले शिकण्यासारखे आहेत. २०१० मध्ये तिथलं एक बक्षीस काढून घेतलं गेलं, कारण फोटोतून एका पायाचा छोटासा भाग पुसला होता. २०१५ मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी २० टक्के फोटो अशाच फेरफारांमुळे बाद झाले. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) मागवून अंतिम फोटोशी ताडून पाहिली की हे सहज कळतं. आणि पुसणं म्हणजे फक्त क्लोन टूल असं नाही. सावली इतकी गडद केली की मागचा माणूस काळ्यात बुडाला, तर तेही पुसणंच धरतात.

विद्यार्थ्यांकडून नेमकं काय घडतं? कार्ड भरलं म्हणून ‘नको’ असलेल्या रॉ पुसल्या जातात, त्यात आधीची-नंतरची फ्रेम जाते. स्पर्धा कधी कधी लागोपाठच्या फ्रेमही मागते. कॅमेरा नुसत्या जेपेगवर राहून जातो. किंवा मूळ फाइल मित्राच्या लॅपटॉपवर असते आणि हाताशी असते ती व्हॉट्सॲपवरून आलेली, लहान केलेली, मेटाडेटा (तारीख, कॅमेरा वगैरे फाइलमधली माहिती) गेलेली प्रत. उपाय कंटाळवाणा आहे: ज्या दिवशी शूट, त्याच दिवशी संपूर्ण कार्डाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर. फाइलचं मूळ नाव पुसू नका, त्याच्या पुढे तारीख जोडा.

सॅलॉन: नियमांचं जंगल, पण शिकवून जातं

फियाप ही १९५० साली स्थापन झालेली छायाचित्रणाची आंतरराष्ट्रीय संस्था आणि १९३४ पासूनची पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका), या दोघींच्या मान्यतेने जगभर वर्षभर सॅलॉन, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनं, चालतात. एका विभागात साधारण चार फोटो पाठवता येतात. परीक्षक पडद्यावर फोटो बघून बटणांवर गुण देतात, एका फोटोला काही सेकंद मिळतात, बेरीज होते, कटऑफ लागतो. म्हणजे वर सांगितलेलं ९-३-३ चं गणित इथे पुरेपूर लागू.

काही सेकंदांत काय कळतं? ठळक आकार, स्वच्छ पार्श्वभूमी, डोळा कुठे टेकायचा ते. हळू उलगडणारा फोटो इथे मार खातो. आमची तक्रार हीच आहे: दोन वर्षं फक्त सॅलॉनं खेळलेल्या विद्यार्थ्याचे फोटो एकाच साच्यातले दिसायला लागतात. चमकदार, मधोमध, कडा काळवंडलेल्या. तरीही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सॅलॉन जरूर खेळावं, कारण तांत्रिक शिस्त इथे लागते तशी कुठे लागत नाही. निकालासोबत बहुतेक ठिकाणी प्रत्येक फोटोचे गुण आणि कटऑफ कळतो. कटऑफपासून एका गुणाने हुकलेला फोटो सुधारून दुसरीकडे पाठवण्यासारखा असतो. पाच गुणांनी हुकलेला सोडून द्या.

आता फाइलचं. पुष्कळ सॅलॉनं १९२० बाय १०८० पिक्सेलची चौकट देतात. आडवा ३:२ फोटो त्यात १६२० बाय १०८० बसतो, म्हणजे साडेसतरा लाख पिक्सेल. तोच उभा असेल तर ७२० बाय १०८०, जेमतेम पावणेआठ लाख. उभ्या फोटोला पडद्यावर निम्म्याहून कमी जागा मिळते. बारीक तपशिलावर बेतलेला उभा फोटो, उदाहरणार्थ पोर्ट्रेटमधल्या डोळ्यातलं प्रतिबिंब, इथे वाया जातो. तो प्रिंट विभागात टाका.

रंगाची चूक सगळ्यात जास्त वेळा होते आणि ती पाठवणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. फाइल ॲडोबी आरजीबी या विस्तृत रंगव्यवस्थेत राहते, अपलोड होताना प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) गळून पडतं, आणि परीक्षकाच्या पडद्यावर त्वचा मातकट, हिरवं मेलेलं दिसतं. फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ करून एसआरजीबी ही पडद्यांची नेहमीची रंगव्यवस्था निवडा. ‘असाइन प्रोफाइल’ करू नका. त्याने आकडे तेच राहतात आणि अर्थ बदलतो, म्हणजे रंग बिघडतात ते बिघडतातच. क्रम असा ठेवा: आधी १६ बिटमध्ये सगळं काम, मग प्रत काढून आकार लहान, मग हलकं शार्पनिंग, मग एसआरजीबी, मग ८ बिट, मग जेपेग. शार्पनिंग आकार लहान करण्याआधी केलं तर लहान करताना ते मऊ पडतं, म्हणून पुन्हा केलं जातं आणि कडांना पांढरी किनार येते. १०० टक्क्यांवर बघून केसांच्या आणि फांद्यांच्या कडा तपासा. फोटोच्या कडा गडद असतील तर काळ्या पडद्यावर चौकट विरघळते. नियमात बसत असेल तर दोन पिक्सेलची करडी रेघ पुरते. जाड पांढरी बॉर्डर शोभेची वाटते खरी, पण पडद्यावर तीच आधी दिसते.

मोनोक्रोम विभागात हटकून बाद होणारा फोटो: सगळं काळं-पांढरं आणि फूल तेवढं लाल. फियापच्या व्याख्येत संपूर्ण फोटोला एकच रंगछटा दिली, सेपिया म्हणा, तर तो मोनोक्रोमच राहतो. पण अर्धवट टोनिंग किंवा एखादा रंग वर घातला की तो रंगीत विभागाचा होतो. नेचर विभाग याहून कडक. माणसाच्या हाताने झालेलं काही चौकटीत दिसलं तर अडचण, आणि फोटोतलं काही हलवलं, जोडलं, पुसलं तर थेट बाद. पाळीव किंवा पढवलेल्या प्राण्याला जंगली म्हणून खपवणं तर महागातच पडतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ च्या विजेत्याचा फाटकावरून उडी मारणारा लांडगा पाळीव असल्याचा निष्कर्ष निघाला आणि पुरस्कार गेला. त्याच स्पर्धेतलं आणखी एक बक्षीस २०१८ मध्ये रद्द झालं. फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं होतं.

गॅलरीचे ‘कॉल फॉर एंट्री’: इथे प्रिंट बोलते

गॅलरी प्रदर्शनासाठी फोटो मागवते तेव्हा परीक्षक बहुतेक वेळा एकच असतो: क्युरेटर, संपादक किंवा छायाचित्रकार. बेरीज नाही, मत आहे. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या माणसाने पूर्वी निवडलेली दोन-तीन प्रदर्शनं बघा. शांत, रिकाम्या निसर्गदृश्यांचा चाहता असलेल्या क्युरेटरला बाजारातली गजबज पाठवून शुल्क वाया घालवू नका. ब्रिटनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १८५४ पासूनचं आहे आणि त्यात तिशीच्या आतल्यांसाठी वेगळा पुरस्कार असतो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने मालिका घेऊन तिथे प्रयत्न करावा.

निवड जेपेगवर होते, टांगली जाते प्रिंट. नवख्या विद्यार्थ्याची फजिती या दोन्हींच्या मधे होते. पहिली गफलत आकाराची. ३० बाय ४५ सेंटिमीटरची प्रिंट ३०० पीपीआयवर (एका इंचात ३०० पिक्सेल) हवी तर ३५४३ बाय ५३१५ पिक्सेल लागतात, जवळपास १९ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फ्रेम ६००० बाय ४००० असते. रुंदी-उंची निम्मी क्रॉप केली की उरतात ३००० बाय २०००. २४० पीपीआयवर त्याची प्रिंट ३२ बाय २१ सेंटिमीटरच्या आसपास येते. अर्जात ‘६० बाय ९०’ असं ठोकून देण्याआधी हे गणित करा. कॅटलॉगात छापलं गेलेलं माप नंतर बदलता येत नाही.

दुसरी गफलत, प्रिंट काळपट येणं. दोष प्रिंटरचा नसतो, मॉनिटर फार उजळ असतो. लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर हमखास एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) गडद वाटतो. मॉनिटर कॅलिब्रेट करून उजळपणा ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर यांच्या मधे आणा, व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२. प्रिंट बघायची ती डी५० या प्रमाणित पांढऱ्या प्रकाशात, खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली नाही. कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे पडद्यावरच प्रिंटचा अंदाज, बघा. रंग कागदाच्या मर्यादेत बसवण्याच्या पर्यायांपैकी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनपासून सुरुवात करा, गडद संपृक्त रंग सपाट पडले तर परसेप्च्युअल बघा. पूर्ण प्रिंटच्या आधी चेहरा किंवा सावलीची एक पट्टी छापा. मॅट कागदाचा काळा बराय्टा या तुकतुकीत कागदाइतका खोल जात नाही, त्यामुळे रात्रीच्या फोटोला मॅट निवडला तर सावल्या आधी थोड्या उघडाव्या लागतात.

पिगमेंट शाईची प्रिंट छापल्याबरोबर फ्रेममध्ये कोंबू नका. किमान २४ तास उघडी, मग मधे साधा कागद ठेवून आणखी एखादा दिवस. घाई केली तर शाईतली वाफ काचेच्या आतून धुक्यासारखी धरते आणि उद्घाटनाला लोक फोटोऐवजी धुकं बघतात. पाठवायच्या फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक. मागे दोन बाजूंना डी-रिंग (डी आकाराच्या कड्या) आणि तार, वरून साधारण एक-तृतीयांश उंचीवर. दातेरी हुक पुष्कळ गॅलऱ्या नियमातच नाकारतात. परत आणण्याचा खर्च कोणाचा आणि विक्री झाल्यास गॅलरीचा वाटा किती, हे अर्जातच लिहिलेलं असतं. निवड झाल्याच्या आनंदात ते वाचायचं राहून जातं.

यांच्या वाटेला जाऊ नका

इंटरनेटवर ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कार’ वाटणारी एक जमात आहे. ओळखायला सोपी. परीक्षकांची नावं नाहीत, किंवा आहेत पण त्या व्यक्तींच्या स्वतःच्या साइटवर या स्पर्धेचा मागमूस नाही. शेवटची तारीख तीन वेळा ‘लोकाग्रहास्तव’ वाढते. विभाग साठ-सत्तर, एकच फोटो पाचांत टाकायची गळ, प्रत्येक वेळी वेगळं शुल्क. ‘ऑनरेबल मेन्शन’ मिळालेल्यांची यादी स्क्रोल करता करता बोट दुखतं. आणि निकालानंतर प्रमाणपत्र, चषक, पुस्तकाची प्रत, सगळं विकत. अशा स्वीकृतीचा बायोडेटावर उपयोग होत नाही, कारण फोटो विभागात मुलाखत घेणारा माणूसही या यादीतली नावं ओळखतो.

हक्कांचं कलम मात्र नामवंत स्पर्धेतही वाचायचं. ‘स्पर्धा आणि प्रदर्शनाच्या प्रसिद्धीपुरता, छायाचित्रकाराच्या नावासह, ठरावीक वर्षांसाठी’ अशी भाषा असेल तर ठीक. ‘कायमस्वरूपी, अपरिवर्तनीय, रॉयल्टीमुक्त, कोणत्याही माध्यमात, तिसऱ्या पक्षाला परवाना देण्याच्या अधिकारासह’ असं असेल, तर ती स्पर्धा नव्हे, फुकटात फोटो गोळा करण्याची योजना आहे. आणि हे हक्क सगळ्या प्रवेशिकांवर की फक्त विजेत्यांवर, तो शब्द शोधा. फोटोत ओळखू येईल असा माणूस असेल तर मॉडेल रिलीज (त्या माणसाची लेखी संमती) मागतात का, तेही बघा. शूटच्या दिवशी न घेतलेली सही सहा महिन्यांनी मिळवणं जवळपास अशक्य होतं.

नोंदवही

अपलोडच्या शेवटच्या रात्री साइट अडखळते, म्हणून दोन दिवस आधी भरा. फाइलनावात, मेटाडेटात किंवा फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव राहिलं तर निनावी परीक्षणाच्या स्पर्धेत बाद व्हाल. एक्सपोर्ट करताना मेटाडेटा गाळण्याचा पर्याय निवडा, पण मूळ फाइलमधला तसाच ठेवा. काही वृत्तछायाचित्र स्पर्धांना उलट कॅप्शन मेटाडेटातच भरलेली हवी असते, त्यांच्यासाठी वेगळी प्रत काढा.

प्रत्येक प्रवेशिकेसाठी एका तक्त्यात ओळ ठेवा: फोटोचं शीर्षक, मूळ रॉ फाइलचं नाव, स्पर्धा, विभाग, तारीख, गुण, कटऑफ, निकाल. सॅलॉन असेल तर मान्यतेचा क्रमांकही, कारण पुढे फियापच्या एएफियाप किताबासाठी अर्ज करताना तोच मागितला जातो आणि दोन वर्षांनी जुन्या मेलमधून तो शोधणं जिकिरीचं होतं. शीर्षक पहिल्यांदा दिलं तेच शेवटपर्यंत, अक्षर न् अक्षर. एका सॅलॉनला ‘वाट’ आणि दुसऱ्याला ‘वाट २’ असं पाठवलं, किंवा भाषांतर करून वेगळंच नाव दिलं, तर एकच फोटो दोन कृती म्हणून दाखवल्याचा ठपका येतो. आणि कॅमेऱ्याने दिलेलं ‘डीएससी ०४५७’ हे शीर्षक म्हणून टाकू नका, पीएसएच्या सॅलॉनांत तर ते चालतच नाही.